आठव्या पानावरचे छत्तीस

ही गोष्ट मी आईजवळ बोललेलो नाही, आणि वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणाऱ्या मित्राजवळही नाही. मामीजवळ बोलायला हवी होती. तिच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित लिहिता येईल. तरी दोनदा कागद फाडून झाला आहे. दोन्ही वेळा मी माझ्या गरिबीपासून सुरुवात केली होती, आणि गरिबीपासून सुरुवात केली की माणूस हळूहळू निर्दोष होत जातो — हे माझ्या लक्षात आलं आहे. म्हणून या वेळी वहीपासून सुरुवात करतो.

वही साधीच. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आत्ता माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली आहे. पुठ्ठ्यावर वार्निशचा डाग आहे आणि आतली अक्षरं माझी आहेत. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत सगळे म्हणायचे. त्या अक्षरानंच हे केलं.

माझा मामा लिंबाजी हिंगोलीत जळालेल्या मोटरा भरायचा. भरायचा म्हणजे — विहिरीवरची विजेची मोटर जळाली की तिच्या पोटातली जुनी तार काढून टाकायची आणि नवी तार वेढे देऊन खाचांमध्ये बसवायची. गावोगाव एकेक करून विजेच्या लाईनी जात होत्या, त्यामुळे मोटरा येत होत्या आणि जळतही होत्या. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक पत्र्याची खोली, मागे राहायचं घर. मी मॅट्रिक झालो ते दुष्काळाचं वर्ष. आमच्या सबंध भावकीत मॅट्रिक झालेला मी पहिला. आई-वडील खडी फोडायला जात होते. मामा गावी आला आणि म्हणाला, "पोरगं शिकतंय तर शिकू द्या. माझ्याकडं ऱ्हाईल, कालेज करंल, उरल्या टायमाला माझी वही ल्हील."

वही लिहायची होती, कारण मामाची जुनी वही मरायला टेकली होती. मामा लहान असताना निजामाचं राज्य होतं, तेव्हा तो दोन यत्ता उर्दू शाळेत गेला होता. त्याला आकडे यायचे ते उर्दूच. कोणत्या कंपनीची मोटर, किती ताकदीची, किती खाचा, किती नंबरची तार, एका खाचेत किती वेढे — हे सगळं त्यानं वीस वर्षांत जळालेल्या मोटरा उकलून, एकेक वेढा मोजून जमा केलेलं होतं. वार्निश सांडून पानं एकमेकांना चिकटली होती. उघडायला गेलं की तुकडा पडायचा. आणि ते आकडे मामाशिवाय घरात कुणालाच वाचता येत नव्हते.

मग मी संध्याकाळी कॉलेजातून आलो की मामा जुनं पान नाकाजवळ धरून सांगायचा आणि मी नव्या वहीत मराठीत उतरवायचो. पलीकडे मामी लाकडी साच्यावर तार गुंडाळत बसलेली असायची. हे मुद्दाम सांगतो — दुकानातली निम्मी गुंडाळी मामीच्या हातची होती. मामा आकडा सांगायचा, "चौऱ्याहत्तर," आणि मामी तोंडानं मोजत दांडा फिरवायची. मधे कुणी बोललं तरी तिची मोजणी तुटायची नाही. एकदा मी विचारलं, हे कसं जमतं? ती म्हणाली, "लेकरं न्हाईत मला. ध्यान फाटायला काही न्हाई." आणि हसली.

आता वहीकडे येतो. टाळत नाही.

मामाकडे आधी सदाशिव नावाचा एक जण कामाला होता. तो निघून गेला आणि कनेरगाव नाक्यावर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. तो आमच्या मोटरा विकत घेऊन उकलतो, वेढे मोजतो, असं लोक सांगायचे. मामा यावर फार बोलायचा नाही. फक्त भरलेल्या तारांवर वार्निश जरा जाड ओतायचा आणि म्हणायचा, "उकलू दे. तारंसंगं त्याची नखंबी निघतील." मामाची चोराविरुद्धची तजवीज एवढीच.

माझी त्याहून मोठी होती. मी शिकत होतो ना. वहीचं तिसरं-चौथं पान लिहिताना माझ्या मनात आलं — ही वही उद्या सदाशिवाच्या हाती पडली तर? उकलायचीही गरज नाही, वीस वर्षं आयतीच मिळाली. तेव्हा मी ठरवलं की वेढ्यांचा आकडा खरा लिहायचा नाही. प्रत्येक पानावर, त्या पानाचा जो क्रमांक, तेवढा खऱ्या आकड्यातून वजा करून लिहायचा. पाचव्या पानावर पाच कमी, अकराव्या पानावर अकरा कमी. वाचताना मी तेवढा मिळवून सांगणार. दुसऱ्या कुणाला ते पान नुसतं पान दिसणार, स्वच्छ, सुवाच्य, बरोबर वाटेल असं. आधीची पानंही मी फाडून पुन्हा लिहिली.

कमीच का? मिळवूनही लिहिता आलं असतं. पण वेढे जास्त झाले तर मोटर नुसती मरगळते, पाणी कमी ओढते. कमी झाले तर ती जास्त वीज ओढते, तापते आणि जळते. हे मला माहीत होतं. मामानंच शिकवलं होतं. मला चोराची मोटर जळायला हवी होती.

मामाला मी सांगितलं का? नाही. कारण सांगायला गेलो असतो तर त्यानं म्हटलं असतं, "वा, मग किल्ली मलाबी सांग." आणि मला किल्ली सांगायची नव्हती. इथंच — इथंच ते आहे. सदाशिव हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं की त्या घरात मी दोन वेळा जेवत होतो, आणि का जेवतो याचं उत्तर मला रोज लागायचं. मामीनं कधी ताट आपटलं नाही. कुणी काही म्हटलं नाही. पण गल्लीतले थट्टेनं म्हणायचे, "लिंबाजीचं भाचं वहीवर जगून राहिलंय." वही पुरी झाली की मग? मी अशी वही लिहिली की ती माझ्याशिवाय उघडूच नये. ज्या दिवशी शेवटचं पान झालं त्या दिवशी मीच म्हणालो, "मामा, आता जुनीची गरज नाही." मामीनं त्या जुन्या वहीची पानं सुटी करून मोटरांच्या खाली पसरायला घेतली. महिनाभरात संपली.

सव्वा वर्ष सगळं नीट चाललं. मामा विचारायचा, मी पान काढायचो, मनात मिळवायचो आणि सांगायचो. माझी हुशारी मला आवडायची. खोटं कशाला बोलू?

मग मामाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दुकानाच्या दारातच त्याची बाज टाकली, म्हणजे माणसं दिसतील. नेहमी येणाऱ्या दोन-तीन जातींच्या मोटरांचे वेढे मामीला तोंडपाठ होते. त्यांच्या जोरावर तिनं दुकान चालू ठेवलं. नवी काही आली तर मी आकडा सांगायचो. पण माझं कॉलेज, सहली, शिबिरं. मी नसलो की काम अडायचं.

आणि म्हणून मामी शिकायला गेली. विहारात एक शाळामास्तर मोठ्या बायांसाठी वर्ग घ्यायचे. कंदील मधे, पाट्या भोवती. मामी चाळिशीच्या पुढची. पहिल्या दिवशी परत आली तर हाताला खडू आणि तोंडावर असं काही की मी बघतच राहिलो. तीन महिन्यांत तिला आकडे आले. मग अक्षरं. मग स्वतःची सही — 'गयाबाई', त्यातला 'ई' मोठा आणि कलता. ती मामाच्या बाजेपाशी पाटी धरून दाखवायची आणि मामा डोळ्यांनी हसायचा. "तुमचं उर्दू गेलं, माझी मराठी आली," ती म्हणायची.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. कितीदा? रोज. एका संध्याकाळी बसून वही नवी लिहिता आली असती, सांगायचंही काम नव्हतं. पण मला वाटायचं ती वहीपर्यंत पोचणार नाही. पाटीवर आकडे काढणं वेगळं आणि वही वाचून मोटर भरणं वेगळं. असं मला वाटायचं, मला — ज्याला शाळेत घालताना बापाला लोकांनी हेच म्हटलं होतं.

हरभऱ्याला शेवटचं पाणी द्यायचे दिवस होते. पुसेगावचे नामदेवराव आपली मोटर घेऊन आले. वर्षा-दीड वर्षात एखादी यायची अशी ती मोटर, मामीला तिचे वेढे पाठ नव्हते. मी दुकानात होतो. दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा, मी पुस्तक घेऊन बसलेला. मामी उठली, हात पुसले, कपाटातून वही काढली. मला काही विचारलं नाही. पान उलटत, बोट ठेवत, कंपनीचं नाव जुळवत आठव्या पानावर आली. आणि मोठ्यानं वाचलं. "एका खाचंत… छ… छत्तीस."

बाजेवरून मामाचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घोगरा आवाज. त्यानं मान हलवली — नाही. मग डावा हात उचलला. चार बोटं दाखवली. खाली घेतला. पुन्हा चार बोटं.

चव्वेचाळीस. छत्तीस आणि आठ.

त्या खोलीत ते दोघांना कळलं — मामाला आणि मला. मामी हसून म्हणाली, "च्या मागून राहिलेत. चारदा झाला की सकाळधरनं." आणि मग तिनं वही माझ्यासमोर धरली. तिचं बोट आकड्याखाली होतं. "बघ रं, बराबर वाचलं का मी?"

मी म्हणालो, "बराबर वाचलं, मामी."

ते खरंच होतं. तिनं बरोबर वाचलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो — त्या क्षणी मी स्वतःला हेच सांगितलं, आणि पुस्तकात डोकं घातलं. मामा माझ्याकडे पाहत होता. मी ते पाहिलं नाही, पण तो पाहत होता हे मला माहीत आहे.

मी बोललो का नाही? मामासमोर उघडं पडायची लाज होती. वाटलं, उद्या परीक्षा झाली की काहीतरी करू, अजून वार्निश वाळायचं आहे. काय करणार होतो? काहीच ठरवलेलं नव्हतं. दुपारी मामी तार बसवता बसवता म्हणाली, "खाच ढिली वाटायली रं. जागा ऱ्हायली." तिच्या हातांना कळलं होतं. वीस वर्षांचे हात ते. मी म्हणालो, "वहीत आहे ते असेल बरोबर." मग तिनं रिकाम्या जागेत कागद जास्त घातला, बांबूच्या पाचरी जाड बसवल्या, आणि हातांचं ऐकलं नाही. लिहिलेलं मोठं असतं, असं तिला नुकतंच शिकवलेलं होतं.

मोटर चालवून बघायला लागते ती तीन तारांची लाईन आमच्या दुकानात नव्हती. मोटर खरी कळायची ती विहिरीवरच. मी परीक्षेवरून परत आलो तर नामदेवराव ती घेऊन गेलेले. उन्हात लवकर वाळली, मामी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून ती परत आली. वास आधी आला. जळक्या वार्निशचा वास एकदा घेतला की विसरत नाही. नामदेवराव वाईट माणूस नव्हते. आरडाओरडा केला नाही. बाजेवरच्या मामाला हात जोडले आणि म्हणाले, "लिंबाजी, तू होतास तवर मला कधी तकलीफ झाली न्हाई." एवढंच. पण शेजारचा पानवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. त्यातला एक बोलला, "आता बाया पाटीवर बघून मोटरा भरायल्या. मग दुसरं काय व्हनार?" आणि ते हसले.

माणसं गेल्यावर मामी वही घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. आठवं पान उघडलं. त्या आकड्याखाली पुन्हा बोट ठेवलं.

"मी उलटं वाचलं असंल काय रं?" ती म्हणाली. "मास्तर म्हनत्यात, नव्या मानसाचं उलटं होतं. त्रेसष्ट असंल हे. तूबी अभ्यासाच्या घाईत होतास, तुझ्याबी ध्यानात आलं न्हाई."

बघा, कारणही तिनंच दिलं मला. आयतं. मी फक्त हात पुढं करायचा होता.

त्या खाचेत त्रेसष्ट वेढे बसलेच नसते. हे मला माहीत होतं आणि तिच्या हातांनाही माहीत होतं. माझ्या हातात वही होती. त्यावर माझ्या अक्षरात, स्वच्छ, छत्तीस लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "असेल, मामी."

हे मला सांगायचं होतं. वहीतली लबाडी, चोराची भीती, दोन वेळचं जेवण — ते सगळं या दोन शब्दांच्या अलीकडचं आहे. वही लिहिताना मी लहान होतो असं म्हणता येईल. 'असेल' म्हणताना मी लहान नव्हतो.

मामी त्यानंतर वर्गाला गेली नाही. मास्तर दोनदा घरी आले. ती म्हणाली, "डोळ्याला अंधारी येती, गुर्जी." पाटी तिनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. नव्या जातीची मोटर आली की ती "न्हाई जमत" म्हणून परत पाठवायची. मी आकडा सांगतो म्हटलं तरी नको म्हणायची — आपल्या हातून पुन्हा चूक होईल म्हणून. हळूहळू नेहमीच्या मोटराही येईनाशा झाल्या. लोक कनेरगाव नाक्याला जाऊ लागले. सदाशिवानं ती वही कधी पाहिलीसुद्धा नाही. ज्या एका माणसानं ती विश्वासानं उघडली ती मामी होती.

वर्षभरात दुकान बंद झालं. मामी कापसाच्या कारखान्यात सरकी निवडायला जाऊ लागली. मी बी.एस्सी. झालो, पुढे शिकायला बाहेर पडलो. निघताना तिनं वही माझ्या ट्रंकेत ठेवली. "तुझं अक्षर हाय. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

मामाला वाचा परत आली नाही. त्या दिवसानंतर मी बाजेजवळून जाताना तो डोळे मिटून घ्यायचा. झोपलेला असेल. प्रत्येक वेळी झोपलेला असेल का? गेल्या पावसाळ्यात तो गेला. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्याला सांगताच येत नव्हतं. मला येत होतं.

मागच्या महिन्यात मी हिंगोलीला गेलो होतो. रेशनकार्डावरून मामाचं नाव कमी करायचं होतं, त्याचा अर्ज. अर्ज मी लिहिला. कचेरीतल्या कारकुनानं न पाहताच विचारलं, "सही का अंगठा?"

"अंगठा, सायेब," मामी म्हणाली. "वाचन्या-ल्हिण्याचं आमच्या डोक्यात न्हाई शिरत. करून बघितलं."

करून बघितलं.

मी तिच्या शेजारी उभा होतो. शाईचं पॅड मी पुढं केलं. तिनं डावा अंगठा टेकवला, मग कागदावर दाबला, आणि पदराच्या आतल्या बाजूला शाई पुसली. कारकून म्हणाला, "खाली ल्हिणाऱ्याचं नाव लिहा." रीत असते तशी. मी पेन काढलं आणि माझ्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं — निशाणी अंगठा, गयाबाई लिंबाजी यांची. दस्तुर, म्हणजे लिहिणारा — आणि माझं नाव.

तिला सही येत होती. मी पाहिली आहे. त्यातला 'ई' मोठा आणि कलता होता. आणि आठव्या पानावर छत्तीस लिहिलं होतं, तिनं छत्तीसच वाचलं होतं.